कर्ज फिटायचं वय: मनात ५४, उताऱ्यावर ६१

पायरी_चुकलेली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

घरासाठी कर्ज घेतलं तेव्हा मी ३४ वर्षांचा होतो. मुदत २० वर्षं, व्याज ८ टक्के, बदलतं. म्हणजे ५४ ला मोकळा. हे गणित डोक्यात इतकं पक्कं बसलं की पुढची चार वर्षं मी कर्जाचा उतारा उघडूनही पाहिला नाही. हप्ता ठरल्या तारखेला जातो, मेसेज येतो, आपण आपल्या कामाला लागतो.

गेल्या आठवड्यात भलत्याच कामासाठी उतारा काढला. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘अखेरचा हप्ता’ आणि पुढे तारीख. वर्षं बोटांवर मोजली. चुकलं असेल म्हणून परत मोजली. ६१!

हप्ता एका पैशानेही बदललेला नाही. दोन वर्षांपूर्वी दर साडेनऊ झाला एवढं आठवतंय. तेव्हा मी ‘हप्ता तोच आहे ना, मग ठीक’ म्हणून सोडून दिलं होतं. नोकरी ६० ला संपते. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तुमचं कर्ज कितव्या वर्षी फिटलं, किंवा फिटणार आहे? आणि माझ्यासारखं कुणाचं झालंय का?

खारुताई

झालंय. आमचं ५८ चं ६३ झालं होतं. आधी बायकोला सांगा.

टाचणी

माझं ४३ ला फिटलं. पण त्याबद्दल अभिमानाने सांगण्यासारखं फारसं नाही. सविस्तर लिहीन सवडीने.

उलटा_पाढा

धागाकर्ते, तुमचे आकडे मांडून बघितले. रक्कम विचारत नाही, कर्ज १०० धरू.

८ टक्के, २० वर्षं, म्हणजे महिन्याचा हप्ता ०.८४ च्या आसपास. पहिल्या दोन वर्षांत तुम्ही एकूण २० भरले आणि मुद्दल १०० वरून ९५.६ वर आलं. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं, सुरुवातीला व्याजच जास्त जातं. मग दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच राहिला. पुढच्या दोन वर्षांत तुम्ही पुन्हा २० भरले. मुद्दल ९५.६ वरून ९३.५. वीस भरून दोन कमी झाले! उरलेले अठरा व्याजात गेले.

दर बदलला त्या दिवशी तुमची १८ वर्षं बाकी होती, ती जवळपास २५ झाली. ३६ अधिक २५, म्हणजे ६१. उतारा बरोबर आहे.

हाच दर अगदी पहिल्या महिन्यात वाढला असता तर २० वर्षांची ३१ झाली असती. आणि १० टक्क्यांच्या जरा पुढे सरकला असता तर हा हप्ता व्याजालाही पुरला नसता. मग मुद्दल वाढतच जातं आणि कर्ज कधीच फिटत नाही.

पायरी_चुकलेली

वीस भरून दोन कमी झाले, हे वाक्य तीनदा वाचलं.

जुना_लेखनिक

मी ३१ वर्षं कर्ज विभागात होतो, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. तेव्हा थोडं त्या बाजूचं सांगतो.

कर्ज देताना वय फार काटेकोर बघितलं जातं. ४५ चा माणूस आला तर २५ वर्षं सहसा कुणी देत नाही. कमाई कधी थांबणार ते बघून मुदत बसवली जाते, नाहीतर तरुण सहकर्जदार आणायला सांगतात. मात्र एकदा कर्ज दिलं आणि दर वाढला, की तेच वय कुणी फारसं बघत नाही. त्यामागे लबाडीपेक्षा सोय जास्त असते. हप्ता वाढवला की दुसऱ्या दिवशी फोन वाजायला लागतात, निम्म्या लोकांचे स्वयंचलित हप्ते खात्यात पैसे कमी म्हणून परत येतात, खाती थकीत दिसतात. मुदत वाढवली की कुणी तक्रार करत नाही. माझ्या सबंध नोकरीत ‘मुदत का वाढली’ असं विचारायला आलेली माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

भारतात रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये याबद्दल परिपत्रक काढलं. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारायचं. स्थिर दरावर जायचा पर्यायही तेव्हा सक्तीचा होता, ऑक्टोबर २०२५ पासून तो त्यांच्या मर्जीवर आहे. दर तिमाहीला उताऱ्यात किती हप्ते बाकी आहेत ते दाखवायचं. म्हणजे आता विचारायची जबाबदारी त्यांची आहे. आपण उत्तर देतो का, हा प्रश्न वेगळा. न वाचलेल्या पत्राचं उत्तर बहुतेक वेळा ‘मुदत वाढवा’ असंच धरलं जातं.

सावकाश

मंडळी, एवढी घाबरगुंडी कशाला? हप्ता तोच राहतो आणि पगार वाढत जातो, ही बाजू कुणी मांडतच नाही. आज पगाराचा ४५ टक्के हप्त्यात जातोय आणि पगार वर्षाला ७ टक्क्यांनी वाढला, तर १५ वर्षांनी तोच हप्ता पगाराच्या १६ टक्के होतो. महागाई कर्जदाराच्या बाजूने असते. कर्ज लांबेल तितकं लांबू द्यावं आणि वरचे पैसे गुंतवावेत. ६१ काय नि ६५ काय.

उलटा_पाढा

@सावकाश, पगार दरवर्षी वाढणार आणि तो ६१ पर्यंत चालू राहणार, ही दोन गृहीतकं तुम्ही हळूच सरकवलीत. :)

गुंतवणुकीचं म्हणाल, तर साडेनऊ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे साडेनऊ टक्के परतावा, बिनजोखमीचा आणि त्यावर कर नाही. तुमच्या गुंतवणुकीने कर जाऊन त्यापेक्षा जास्त द्यायला हवं, आणि ते सुद्धा तुम्हाला पैसे लागतील त्याच वर्षी. दर ३-४ टक्के असेल तिथे तुमचं म्हणणं मी मुकाट मान्य करतो.

सावकाश

आणि व्याजावर करसवलत मिळत असेल तर?

उलटा_पाढा

तर तेवढा दर कमी धरायचा. सवलतीसाठी कर्ज ठेवणं म्हणजे मात्र दहा रुपये व्याज भरून त्यातले तीन परत मिळाले म्हणून खूश होण्यासारखं आहे.

दूरदेशी

थोडं अवांतर वाटेल, पण ‘कितव्या वर्षी फिटतं’ याचं उत्तर माणसाच्या शिस्तीपेक्षा त्या देशातल्या कर्जाच्या साच्यावर जास्त ठरतं.

अमेरिकेत ३० वर्षांचं स्थिर दराचं कर्ज सर्रास मिळतं. दर वर गेले तरी जुन्या कर्जदाराचा हप्ताही तोच आणि तारीखही तीच. दर खाली आले तर तो नवं कर्ज काढून जुनं फेडतो. पण हे तिथेही पहिल्यापासून नव्हतं. १९३० च्या मंदीआधी तिथली घरकर्जं बहुतेक पाच-दहा वर्षांची असायची. व्याज भरत राहायचं आणि शेवटी मुद्दलाचा मोठा गठ्ठा द्यायचा, नाहीतर नवं कर्ज मिळवायचं. मंदीत नवं कर्ज मिळेना आणि लोकांची घरं गेली. १९३४ मध्ये सरकारी हमीची यंत्रणा उभी राहिली आणि मग लांब मुदतीचं, हप्त्याहप्त्याने पूर्ण फिटणारं कर्ज रुळलं.

ब्रिटनमध्ये दर साधारण दोन किंवा पाच वर्षांपुरता बांधलेला असतो, मग पुन्हा घासाघीस. तिथे १९८० च्या दशकात एक प्रकार जोरात होता: महिन्याला फक्त व्याज भरायचं आणि सोबत एका विमा-गुंतवणूक योजनेत पैसे टाकायचे, शेवटी त्या रकमेतून मुद्दल एकदम फेडायचं. खूप जणांची रक्कम शेवटी तोकडी पडली. @सावकाश, हे खास तुमच्यासाठी.

स्वित्झर्लंडमध्ये उलटंच. घराच्या किमतीच्या साधारण दोन तृतीयांशावर कर्ज आणायचं, तेही १५ वर्षांत, आणि उरलेलं फेडायची सक्ती नाही. लोक आयुष्यभर व्याज भरत राहतात. तिथे हा धागाच निघाला नसता. नेदरलँड्सने २०१३ पासून नव्या कर्जांना करसवलत हवी असेल तर ३० वर्षांत पूर्ण फेड होईल असेच हप्ते हवेत असं ठरवलं. स्वीडनने २०१६ मध्ये मोठ्या कर्जांवर दरवर्षी ठरावीक टक्के मुद्दल फेडायची सक्ती आणली, कारण तोवर बरेच जण मुद्दलाला हातच लावत नव्हते.

आणि जपानमधल्या ‘फ्लॅट ३५’ या स्थिर दराच्या कर्जात अट अशी की वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत फेड पूर्ण झाली पाहिजे. ऐंशी!

खारुताई

ऐंशी वाचून आमचं ६३ एकदम तरुण वाटायला लागलं.

पण जपानवरून आठवलं. तिथे कर्जाबरोबर विमा जोडलेला असतो ना? धागाकर्ते, तुम्ही कर्ज घेताना कर्जाचा विमा घेतला होता का? त्याची मुदत बघा. कर्जाची नव्हे, विम्याची.

पायरी_चुकलेली

आत्ता कपाटातून कागद काढले. विमा २० वर्षांचा. म्हणजे ५४ ला संपतो आणि कर्ज ६१ पर्यंत चालतं. सात वर्षं कोरडी.

खारुताई

तेच म्हणायचं होतं. आमचंही असंच होतं. कर्ज ताणलं गेलं तरी विमा सोबत ताणला जात नाही. त्यातून तो घटत्या रकमेचा असेल तर आणखी गंमत: विम्याची रक्कम जुन्या तक्त्याप्रमाणे कमी होत जाते आणि खरं कर्ज त्याच्यावर तरंगत राहतं. ५४ च्या आधी काही बरंवाईट झालं तरी पूर्ण कर्ज फिटणार नाही.

उलटा_पाढा

तो आकडाही काढून टाकतो. जुन्या तक्त्याप्रमाणे ५४ ला बाकी शून्य. आताच्या चालीने ५४ ला बाकी ५०. मूळ कर्जाचं निम्मं.

पायरी_चुकलेली

बायकोला सांगितलं. फार काही बोलली नाही. कागद तिच्याकडे घेतले आणि म्हणाली, यापुढे उतारा मी बघणार.

अर्धविराम

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या बाबांची एक लांबट वही होती. कर्ज घेतलं त्या दिवशी त्यांनी तिच्यात २४० चौकोन आखले होते, एका ओळीत बारा, अशा वीस ओळी. दर महिन्याला हप्ता भरून आले की चहाच्या आधी लाल पेनाने एक चौकोन काट मारायचा. आम्हा भावंडांना आळीपाळीने मान मिळायचा.

मधल्या काळात व्याज वाढलं. त्यांना कुणीतरी तोंडी सांगितलं, हप्ते वाढलेत. ते घरी आले, पट्टी घेतली आणि विसाव्या ओळीखाली आणखी चौकोन आखायला बसले. पान संपलं म्हणून समासात आखले. एकूण ३८ वाढले होते. समासातले चौकोन अरुंद होते, त्यात फुली बसायची नाही, नुसती तिरकी रेघ.

ते निवृत्त झाले तेव्हा समासातले बरेच चौकोन कोरे होते. निवृत्तीची रक्कम आली त्यातून त्यांनी सगळं एकदम भरून टाकलं. आईला वाटत होतं त्या पैशात निदान गुडघ्याचं ऑपरेशन करून घेऊ. ते चार वर्षांनी झालं, माझ्या पगारातून.

बाबांना दोष देत नाही. हप्ता वाढवून घेता येतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

जुना_लेखनिक

अर्धविरामताई, नव्हतंच सांगितलं. आम्हीच सांगत नव्हतो.

टाचणी

माझं राहिलं होतं ते लिहितो. हे दुसऱ्या टोकाचं आहे.

मला कर्जाची इतकी धास्ती की जे हाताशी येईल ते कर्जात. बोनस कर्जात, मोडलेली ठेव कर्जात, भावाने परत केलेले उसने पैसेही कर्जात. ४३ ला नील. मूळ दस्त परत मिळाला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. जाड खाकी पाकीट, आतल्या कागदांना टाचणी, ती गंजून कागदावर तिचा तांबूस ठसा उमटलेला. इथलं नावही तिथूनच.

आणि तीन महिन्यांत नोकरी गेली. घर पूर्ण माझं आणि खात्यात दोन महिन्यांचाही खर्च नाही. घराच्या भिंती विकून किराणा भरता येत नाही. वैयक्तिक कर्ज घ्यावं लागलं, घरकर्जाच्या जवळपास दुप्पट दराने. म्हणजे स्वस्त कर्ज घाईघाईने फेडून महाग कर्ज डोक्यावर घेतलं. ते फेडायला पुढची तीन वर्षं गेली. त्यामुळे ४३ चा आकडा सांगताना जरा जीभ अडखळते.

उलटा_पाढा

यासाठीच काही ठिकाणी कर्ज आणि बचत एकत्र जोडलेली खाती मिळतात. खात्यात जेवढी शिल्लक तेवढ्या मुद्दलावर व्याज लागत नाही, आणि अडीनडीला पैसे काढताही येतात. दर किंचित जास्त असतो. ज्यांच्याकडे पैसा येऊन-जाऊन असतो त्यांना परवडतं. ज्यांना शिल्लक दिसली की हात शिवशिवतात त्यांनी त्या वाटेला जाऊ नये (स्वानुभव).

सावकाश

टाचणीशेठ, पटलं. पण मग धागाकर्त्याने करायचं काय? एवढ्या प्रतिसादांत ते कुणी सांगितलेलं नाही.

उलटा_पाढा

रास्त आहे. ५४ च हवं असेल, तर दर वाढला तेव्हाच हप्ता साधारण साडेदहा टक्क्यांनी वाढवला असता तर काम झालं असतं. आज तेच करायला साडेतेरा टक्के लागतील. थांबाल तसा आकडा वाढत जाणार.

एकदम तेवढं झेपत नसेल तर थोडं आता, थोडं दरवर्षी. लोकांना या दुसऱ्या भागाची ताकद कळत नाही. ९ टक्क्यांचं २० वर्षांचं कर्ज घ्या. वर्षाला एक हप्ता जादा भरला तर साडेसोळा वर्षांत फिटतं. हप्ता दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवत नेला तर १२ वर्षांत.

आणि जादा रक्कम भरायची तर लवकर. त्याच कर्जात मूळ रकमेच्या ५ टक्के पहिल्या वर्षाअखेर भरले तर मुदत २७ महिन्यांनी घटते. तेवढेच १५ व्या वर्षी भरले तर आठ महिन्यांनी. २० वर्षांच्या या कर्जात मुद्दल निम्म्यावर यायलाच १४ वर्षं लागतात, त्यामुळे सुरुवातीला घातलेला पैसा जास्त काळ राबतो. फक्त भरताना ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं लेखी द्या.

जुना_लेखनिक

लेखी द्या, आणि पोच घ्या. नाहीतर हप्ता कमी करून देतात आणि माणूस खूश होऊन घरी जातो.

दंडाचंही बघून घ्या. भारतात वैयक्तिक, बदलत्या दराच्या घरकर्जावर बँकांना मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला २०१२ पासून बंदी आहे. ब्रिटनमध्ये दर बांधलेल्या काळात बऱ्याच कर्जांत वर्षाला १० टक्क्यांपर्यंत जादा फुकट भरता येतं, त्याच्या पुढे गेलात तर आकार लागतो. आपल्या करारात काय लिहिलंय ते आधी वाचायचं.

आणखी एक. शेवटचा हप्ता भरला म्हणजे कर्ज संपलं असं नाही. बाकी नसल्याचा दाखला, मूळ कागद यादीशी ताडून, आणि सरकारी नोंदीतला गहाणाचा बोजा उतरवून घेणं, एवढं झालं की संपलं. मी अशी माणसं पाहिलीत की फेड ५५ ला झाली आणि बोजा ७० ला मुलाने उतरवला, घर विकायला काढलं तेव्हा.

पायरी_चुकलेली

मंडळी, उशिरा उत्तर देतोय. महिनाभर खेपा चालू होत्या.

पहिल्या खेपेला ‘असं काही करता येत नाही’ म्हणाले. दुसऱ्या खेपेला बायको सोबत आली, उतारा आणि हिशेबाचा कागद घेऊन. करता आलं. हप्ता आता ८ टक्क्यांनी वाढवला. साडेतेरा झेपत नव्हते. पुढे दरवर्षी ३ टक्के वाढवायचा विचार आहे, त्यासाठी दर वर्षी वेगळा अर्ज द्यावा लागेल. ती तारीख बायकोने तिच्या फोनवर टाकून ठेवली आहे, माझ्या नव्हे. सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवलेत, टाचणीदादांचं ऐकून. विमाही ६१ पर्यंतचा वेगळा घेतला, कर्ज आधी फिटलं तर फिटलं.

उलटा_पाढा, जरा ताडून बघाल का? माझ्या हिशेबाने १३ वर्षं येतात, म्हणजे ५१.

उलटा_पाढा

१३ वर्षं आणि थोडे दिवस. बरोबर आहे. दर हाच राहिला तर.

पायरी_चुकलेली

आभार! अर्धविरामताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला होता. काल संध्याकाळी मुलीने वही आणून समोर ठेवली. १५६ चौकोन आखलेत, पट्टी धरून, एका ओळीत बारा.

जुना_लेखनिक

पेनाने आखलेत की पेन्सिलीने?

पायरी_चुकलेली

पेनाने.

जुना_लेखनिक

खाली थोडी जागा सोडली आहे ना?